अक्विलियन कायदा आणि इंग्रजी न्याय : एका वंशावळीचें परीक्षण

दुसऱ्याच्या मालमत्तेची अन्यायानें हानि करणारानें ती भरून द्यावी, हें इंग्रजी कायद्यांतील तत्त्व रोमन लोकांच्या ‘लेक्स अक्विलिया’ ह्या कायद्यापासून निघालें, असें विधान कायद्याच्या इतिहासावरील लहानमोठ्या लेखनांतून वारंवार आढळतें. विधान करणारे पुरावा क्वचितच देतात. दोन्ही कायद्यांतील चारदोन उदाहरणें ते शेजारीं शेजारीं मांडतात, आणि साम्य पाहून वाचकानें वंश मान्य करावा अशी त्यांची अपेक्षा असते. हें मत आम्हीही पुष्कळ वर्षें खरें धरून चाललों, आणि संस्कृत शिकवितांना धर्मशास्त्राचा विषय निघे तेव्हां वर्गांत तें सांगतही असूं. पुढें सवडीनें मूळ आधार तपासतां तें मत त्या स्वरूपांत टिकत नाहीं असें आढळून आलें. चूक आमची, तेव्हां दुरुस्तीही आम्हींच करणें प्राप्त आहे. पोथ्यांचें नातें ठरवितांना ह्या त्रैमासिकाचे वाचक जी कसोटी लावतात, तीच ह्या प्रश्नास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम मूळ संहितेची स्थिति पाहूं. अक्विलियन कायद्याचा मूळ लेख आज उपलब्ध नाहीं. अक्विलियस नांवाच्या ट्रिब्यूनानें तो जनसभेकडून मंजूर करून घेतला, एवढें उल्पियन हा टीकाकार सांगतो. काळ परंपरेनें इ. स. पू. २८७ च्या सुमाराचा मानतात. कित्येक अभ्यासक तो बराच खालीं, त्या शतकाच्या अखेरीकडे ओढतात. एखादें सूत्र लुप्त व्हावें आणि भाष्यकारानें उचललेल्या प्रतीकांवरून तें जुळवावें लागावें, तसें ह्या कायद्याचें झालें आहे. हीं प्रतीकें मुख्यतः जस्टिनियन बादशहानें इ. स. ५३३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ ग्रंथांत, त्याच्या नवव्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत आहेत. डायजेस्ट हा जुन्या टीकाकारांच्या उताऱ्यांचा पन्नास पुस्तकांचा संग्रह होय. आणि उतारे निवडतांना त्यांत कालानुरूप फेरफार करण्याची मोकळीक संग्राहकांना बादशहानेंच दिली होती. म्हणजे प्रक्षेपाचा संशय येथें हुकमानेंच आला!

डायजेस्टाची सर्वांत महत्त्वाची प्रत सहाव्या शतकांतली, म्हणजे खुद्द जस्टिनियनाच्या काळाजवळची आहे. ती पिसा शहरांत होती. फ्लॉरेन्सकरांनीं पिसा जिंकल्यावर १४०६ मध्यें ती तेथें नेली, आणि आज ती फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे. मध्ययुगांतील इतर प्रती बहुतांशीं तिच्याच वंशांतल्या. मोम्सेन यांनीं १८७० मध्यें पुरी केलेली संशोधित आवृत्तिही मुख्यतः तिच्यावरच उभी आहे. एवढी जुनी प्रत हातीं असूनही पाठाचा प्रश्न सुटत नाहीं. कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणांत हानीची किंमत ‘लगतच्या तीस दिवसांत’ धरावी असें सांगितलें आहे. हे तीस दिवस हानीच्या मागचे कीं पुढचे? डायजेस्टाच्या ह्या एकाच अध्यायांत क्रियापद एके ठिकाणीं भविष्यकाळीं आहे, तर दुसऱ्या ठिकाणीं भूतकाळीं. डेव्हिड डौबे यांनीं १९३६ मध्यें भविष्यकाळाचा पक्ष हिरीरीनें मांडला. जखमी गुलाम किंवा जनावर तीस दिवस नजरेखालीं ठेवावें आणि हानि किती झाली तें पाहून रक्कम ठरवावी, असा मूळचा अर्थ त्यांना दिसतो. वाद अद्याप मिटलेला नाहीं. एका क्रियापदाच्या काळावर एका कायद्याचा सारा आशय कसा टांगलेला असतो, हें मात्र त्यावरून कळतें.

दुसऱ्या प्रकरणाची कथा तर आमच्या वाचकांस विशेष रुचेल. तें प्रकरण प्रचारांतून गेलें आहे, एवढेंच डायजेस्ट सांगतो. त्यांत काय होतें तें सांगत नाहीं. पुढें १८१६ मध्यें इतिहासकार नीबूर यांना इटलींतील व्हेरोना येथील धर्मपीठाच्या ग्रंथसंग्रहांत एक चर्मपत्राची पोथी दिसली. वरचें लेखन संत जेरोम याच्या पत्रांचें होतें. त्याखालीं जुनें लेखन पुसून टाकलेलें होतें, आणि तें गायस ह्या दुसऱ्या शतकांतील पंडिताच्या पाठ्यग्रंथाचें निघालें. दुसऱ्या प्रकरणाचा विषय ह्या पुसलेल्या अक्षरांतून प्रथमच बाहेर आला. धनकोचा जो सहकारी त्याला फसवून ऋणकोस कर्ज सोडून देतो, त्याच्यावर तितक्या रकमेची जबाबदारी तेथें टाकली आहे. जवळजवळ तेराशें वर्षें जें कोणास ठाऊक नव्हतें तें एका धुतलेल्या पोथीनें सांगितलें. अस्पष्ट अक्षरें वर आणण्याकरितां पुढें जीं रासायनिक द्रव्यें लावण्यांत आलीं त्यांनीं कांहीं पानांचें नुकसानच झालें. हानीच्या कायद्याचा शोध घेतांना पोथीचीच हानि व्हावी, हा दैवदुर्विलास होय.

आतां कायद्याचा आशय. पहिल्या प्रकरणाप्रमाणें दुसऱ्याचा गुलाम, दासी किंवा कळपांतलें चतुष्पाद जनावर अन्यायानें मारणारानें त्याची गेल्या वर्षांतली सर्वांत अधिक किंमत द्यावी. तिसऱ्याप्रमाणें इतर हानि, म्हणजे जाळणें, मोडणें, फाडणें, ह्यांबद्दल तीस दिवसांच्या मापानें भरपाई करावी. प्रतिवादीनें आरोप नाकारला आणि तो सिद्ध झाला तर रक्कम दुप्पट. शब्द थोडे, त्यांवर टीकाकारांनीं रचलेली इमारत मोठी. कळपाच्या जनावरांत डुकरें धरावींत, कुत्रा धरूं नये, आणि हत्ती व उंट हे स्वभावानें रानटी असले तरी ओझें वाहतात म्हणून पहिल्या प्रकरणांतच घालावेत, असा निर्णय त्यांनीं दिला. ‘फाडणें’ ह्या क्रियापदाचा अर्थ जुन्या पंडितांनीं ‘बिघडविणें’ असा घेतला, आणि त्यामुळें दुसऱ्याचा द्राक्षारस आंबवून टाकणाराही कायद्याच्या कक्षेंत आला. तिसऱ्या प्रकरणांत ‘सर्वांत अधिक’ हे शब्द नाहींत. साबिनस म्हणाला कीं, ते पहिल्या प्रकरणांत एकदां योजले तेवढ्यानें कायदा करणाराचें काम झालें, पुढें ते गृहीत धरावेत. ज्यांनीं अष्टाध्यायी वाचली आहे त्यांना ही अनुवृत्ति चटकन ओळखूं येईल. पण तेवढ्यावरून साबिनस पाणिनीचा शिष्य होता असें कोणी म्हणणार नाहीं. हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें कामास येणार आहे.

ज्या साम्यांवर प्रचलित मत उभें राहतें त्यांतलीं तीन चांगलीं उदाहरणें आम्ही येथें देतों, म्हणजे पूर्वपक्ष दुबळा करून मांडला असा दोष येणार नाहीं. पहिलें उदाहरण अति भाराचें. खेंचरावर वाजवीपेक्षां अधिक ओझें लादून त्याचा अवयव मोडला तर अक्विलियन कायदा लागतो, असें डायजेस्टांत आहे. इंग्लंडांत १३४८ मध्यें हंबर नदीच्या एका नावाड्यावर फिर्याद झाली. त्यानें नावेंत घोड्यांची गर्दी केली आणि फिर्यादीची घोडी बुडाली. हें प्रकरण करारभंगाचें आहे, असा बचाव झाला. तो न मानतां न्यायालयानें हानीची फिर्याद चालूं दिली. दुसरें उदाहरण आगीचें. शेतांतलीं धसकटें जाळतांना आग शेजारच्या पिकांत गेली. वाऱ्याच्या दिवशीं पेटविलें असेल तर तो दोषी, सर्व काळजी घेऊनही अवचित वारा सुटला तर निर्दोष, असें रोमन पंडित सांगतात. १६९७ मध्यें टर्बरव्हिल विरुद्ध स्टॅम्प ह्या खटल्यांत शेतांतल्या आगीबद्दलच निर्णय देतांना मुख्य न्यायाधीश होल्ट यांनींही अवचित वादळाची सबब वेगळी काढली. तिसरें उदाहरण सर्वांत ठळक. प्रतिवादीनें स्वतःच्या अंगानें हानि केली असेल तरच मूळ अक्विलियन दावा चालतो, असें गायस म्हणतो. दुसऱ्याचें जनावर कोंडून उपाशी मारलें तर निराळा, साधर्म्यानें दिलेला दावा लागतो. इंग्रजी कायद्यांतही प्रत्यक्ष आघातास ‘ट्रेसपास’ आणि परंपरेनें घडलेल्या हानीस ‘केस’ असे दोन निरनिराळे दावे होते. रस्त्यावर फेंकलेला ओंडका अंगावर पडला तर पहिला, पडून राहिलेल्या ओंडक्याला कोणी अडखळला तर दुसरा, असा दाखला १७२५ च्या एका खटल्यांत दिलेला आहे.

साम्य खरोखरच विलक्षण आहे. पण साम्य म्हणजे वंश नव्हे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखे आढळले म्हणून एक दुसरीची नक्कल आहे असें आपण म्हणत नाहीं. शुद्ध पाठ दोघींना निरनिराळ्या वाटांनीं मिळालेला असूं शकतो. दोन्हींत तीच ओळ गळली असेल, त्याच जागीं तोच निरर्थक शब्द घुसला असेल, तरच नातें सिद्ध होतें. कायद्याच्या बाबतींत ‘शुद्ध पाठ’ म्हणजे जें कोणाही समंजस माणसास सुचावें तें. जनावरावर फार ओझें घालूं नये, वाऱ्यांत आग लावूं नये, हें रोममध्यें सुचलें तसें यॉर्कमध्येंही सुचेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील २८८ व्या श्लोकांत परक्याच्या वस्तूची जाणून किंवा नकळत हानि करणारानें त्याचें समाधान करावें आणि तितकीच रक्कम राजाला द्यावी, असें सांगितलें आहे. ह्या साम्यावरून मनूला रोमचा ऋणी किंवा रोमला मनूचा ऋणी कोणीही ठरवीत नाहीं. मग इंग्लंडापुरता निराळा न्याय कां?

ह्याउलट ‘अपपाठां’ची कसोटी लावून पाहावी. अक्विलियन कायद्याच्या खास खुणा कोणत्या? गेल्या वर्षांतली सर्वांत अधिक किंमत, तीस दिवसांचें माप, आरोप नाकारणारास दुप्पट दंड, आणि कळपाच्या जनावरांचा निराळा वर्ग. ह्या गोष्टी तर्कानें सुचणाऱ्या नव्हत, त्या त्या कायद्याच्या अंगच्याच आहेत. ह्यांपैकीं एकही इंग्लंडच्या हानीविषयक दाव्यांत उतरलेली नाहीं. तेथें रक्कम ज्यूरी ठरवीत असे, आणि तिला वर्षाचें किंवा तीस दिवसांचें बंधन नव्हतें. इंग्रजी दाव्यांची स्वतःची खूण पाहिली तर ती रोममध्यें नाहीं. ट्रेसपासचा दावा राजाच्या नांवें निघणाऱ्या ‘रिट’ ह्या आज्ञापत्रावर चाले, आणि प्रतिवादीनें शस्त्रबळानें राजाची शांतता मोडली असे साचेबंद शब्द त्यांत असत. ‘केस’ हा दावा निघाला तो हे शब्द ज्या हकीगतींना लागू पडत ना त्यांच्यासाठीं. म्हणजे दोन दाव्यांचा भेद गायसाच्या वाक्यांतून आलेला नसून रिटांच्या दफ्तरांतून आलेला आहे. रिटांचे साचे १८५२ आणि १८७३ च्या कायद्यांनीं निघून गेले, तेव्हां तो भेदही पुष्कळसा निष्प्रभ झाला. सारांश, अक्विलियन कायद्यापासून इंग्रजी कायद्याचा थेट जन्म झाला हें मत सिद्ध होत नाहीं.

येथें थांबलों तर मात्र आम्ही उलट चुकीचे धनी होऊं. इंग्रजी कायदा हें केवळ त्या बेटावर उगवलेलें झाड आहे, बाहेरचें पाणी त्याला लागलेंच नाहीं, असेंही एक अभिमानी मत आहे. तेंही पुराव्यापुढें टिकत नाहीं. रोमन विद्या इंग्लंडांत बाराव्या शतकांतच व्हॅकेरियस ह्या पंडिताबरोबर गेली होती. तिचा संपर्क ज्या वाटांनीं झाला त्या दाखवितां येतात, आणि त्यांतली एकही ‘अक्विलियन कायदा’ ह्या नांवाच्या वेशींतून जात नाहीं, हीच लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे.

पहिली वाट ब्रॅक्टनची. तेराव्या शतकांत ब्रॅक्टनच्या नांवानें झालेल्या इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत आझो ह्या इटालियन पंडिताच्या ग्रंथांतून घेतलेला मजकूर आहे; मेटलंड यांनीं १८९५ मध्यें दोन्ही संहिता समोरासमोर छापून हें दाखवून दिलें. नातें सिद्ध करण्याची खरी पद्धति ती ही. पुढें १७०३ मध्यें कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड हा खटला होल्ट यांच्यापुढें आला. ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्या तळघरांत नेऊन ठेवण्याचें काम प्रतिवादीनें फुकट अंगावर घेतलें होतें; त्याच्या निष्काळजीपणानें पिंप फुटलें आणि ब्रँडी सांडली. होल्ट यांनीं ब्रॅक्टनचा आधार घेऊन दुसऱ्याची वस्तु ताब्यांत घेण्याचे सहा प्रकार लावले. प्रकरण मालमत्तेच्या हानीचें, आधार रोमन. परंतु तो ठेव, उसनवारी, गहाण ह्यांच्या नियमांचा, अक्विलियन अध्यायाचा नव्हे. येथें वंश आहे, पण शाखा निराळी आहे.

दुसरी वाट समुद्राची. लंडनच्या अॅडमिरल्टी न्यायालयांत रोमन कायद्याचे पदवीधर वकिली करीत आणि न्यायासनावरही तेच बसत. दोन गलबतांच्या टकरीविषयीं डायजेस्टांत अक्विलियन अध्यायांतच चर्चा आहे, तेव्हां येथें तरी थेट दुवा सांपडेल अशी आमची अपेक्षा होती. पण दोघांचाही दोष असल्यास हानि निम्मी निम्मी वांटावी हा त्या न्यायालयाचा नियम मध्ययुगांतील दर्यावर्दी रूढींतून आलेला आहे, डायजेस्टांतून नव्हे. १९११ च्या कायद्यानें समुद्रावर निम्मेपणाच्या जागीं दोषाचें प्रमाण आलें, आणि १९४५ च्या कायद्यानें तसलेंच तत्त्व जमिनीवरील दाव्यांसही लागू झालें.

तिसरी वाट पुस्तकांची. ग्रोटियस यांनीं १६२५ मध्यें आणि पुफेनडॉर्फ यांनीं १६७२ मध्यें रोमन नियमांतील खास खुणा गाळून ‘दोषानें केलेली हानि भरून द्यावी’ असें व्यापक तत्त्व बनविलें. पुफेनडॉर्फचें इंग्रजी भाषांतर १७०३ मध्यें निघालें. बुलर यांच्या १७७२ च्या पुस्तकांत शेजाऱ्यास इजा होऊं नये म्हणून प्रत्येकानें वाजवी काळजी घ्यावी, असें सामान्य कर्तव्य सांगितलेलें आढळतें. त्यामागें हा निसर्गसिद्ध कायद्याचा प्रवाह आहे असा पक्ष डेव्हिड इबेट्सन यांनीं १९९९ मध्यें मांडला. आम्हांस तो सर्वांत ग्राह्य वाटतो, कारण त्यानें अपपाठ कां उतरले नाहींत ह्याचेंही उत्तर मिळतें. मधल्या लेखकांनीं ते आधींच खरवडून टाकले होते. व्हेरोनाच्या पोथीसारखें येथेंही वरचें लेखन दुसऱ्याचें आहे आणि खालचें रोमन. १९३२ च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन ह्या विख्यात निर्णयांत लॉर्ड अॅटकिन यांनीं हेंच शेजारधर्माचें तत्त्व पुढें आणलें. तो खटला स्कॉटलंडचा होता हेंही विसरूं नये. स्कॉटलंडांत रोमन कायद्याचा अधिकार इंग्लंडाहून पुष्कळ अधिक मानला गेला आहे; ‘ब्रिटिश’ आणि ‘इंग्रजी’ हे शब्द एकमेकांच्या जागीं वापरणारे लेखक हा भेद पुसून टाकतात.

इंग्रज न्यायाधीश स्वतः ह्या ऋणाविषयीं काय समजत होते? १८४३ च्या अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल ह्या खटल्यांत कोळशाच्या खाणीमुळें शेजारच्या गिरणीच्या विहिरीचें पाणी आटलें होतें. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनीं डायजेस्टांतील वचनाचा आधार घेतला आणि विहिरीच्या मालकाचा दावा फेटाळला. परंतु रोमन कायदा ह्या राज्याच्या प्रजेवर बंधनकारक नाहीं, जेथें स्वतःचा दाखला नसेल तेथें निर्णय बरोबर असल्याची चांगली साक्ष म्हणून तो उपयोगी पडतो, असेंही त्यांनीं स्पष्ट केलें. साक्षीदार आणि पिता ह्यांत अंतर आहे!

ह्या वादाशीं महाराष्ट्राचा संबंध आहे, आणि तो केवळ कुतूहलाचा नाहीं. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनांत न्यायाधीशानें कोणता कायदा लावावा ह्याचा क्रम दिला होता. सरकारी कायदे प्रथम, ते नसतील तेथें देशाची रूढि, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि अखेरीस न्याय, समता आणि सद्विवेक. ह्याच इलाख्यांतून गेलेल्या एका अपिलांत प्रिव्ही कौन्सिलनें १८८७ मध्यें असें ठरविलें कीं, समता आणि सद्विवेक म्हणजे सामान्यतः, येथील परिस्थितीस लागू पडत असल्यास, इंग्रजी कायद्याचे नियम. हानीविषयक अपकृत्यांचा कायदा संहितारूपानें करण्याचा पोलक यांचा १८८६ चा मसुदा कधींच मंजूर झाला नाहीं, आणि ही शाखा आजही बहुतांशीं न्यायनिर्णयांवरच चालते. इंग्रजी कायदा म्हणजे रोमचा, म्हणून सर्व मानवजातीच्या बुद्धीचा वारसा, असें मानलें कीं येथील रूढीच्या जागीं तो आला ह्यांत विचारण्यासारखें कांहींच उरत नाहीं. रूढि जाऊन बुद्धि आली, एवढेंच. परंतु वर दाखविल्याप्रमाणें तो रिटांच्या साच्यांत, ज्यूरींच्या हातीं आणि स्थानिक रूढींवर वाढलेला असेल, तर एका देशाच्या रूढीच्या जागीं दुसऱ्या देशाची रूढि आली असें म्हणावें लागतें. ती बरी कीं वाईट हा निराळा प्रश्न. पण इतिहासानें तिला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारली पाहिजे.

सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास येण्यापूर्वीं, १७८१ मध्यें, ठेव आणि उसनवारीच्या इंग्रजी कायद्यावर निबंध लिहिला. करारांच्या बाबतींत हिंदूंची पोथी आणि रोमनांचा डायजेस्ट ह्यांत फारसें वैसादृश्य नाहीं, असें त्यांत त्यांनीं नमूद केलें आहे. ‘पोथी’ हा शब्दही त्यांनीं तसाच वापरला. साम्य पाहिलें, नोंदलें, आणि त्यावरून वंशावळ रचली नाहीं. आम्हीं वर्गांत हा संयम पाळला नाहीं. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक गेल्यास त्यानें आमचें तेव्हांचें विधान रद्द समजावें, आणि जेथें साम्य दिसेल तेथें आधीं अपपाठ शोधावेत.